बाटलीत संत्रं नव्हतं : जपानी गृहिणींच्या ज्यूस खटल्याचं प्रकरण

५ मार्च १९७१ रोजी जपानच्या निष्पक्ष व्यापार आयोगाने फळांच्या पेयांवरच्या लेबलांची एक नियमावली मंजूर केली. ती आयोगाने लिहिलेली नव्हती. पेयं बनवणाऱ्यांच्या जपान फळरस संघाने ती तयार करून मंजुरीसाठी आणली होती. जपानी कायद्यात अशी सोय आहे. एखाद्या धंद्यातली मंडळी जाहिरात आणि लेबलाबद्दल आपापसात नियम ठरवतात आणि आयोग त्यावर शिक्का मारतो. या नियमावलीत एक मेख होती. ज्या पेयात फळाचा रस ५ टक्क्यांहून कमी आहे किंवा मुळीच नाही, त्याच्या बाटलीवर ‘रस नाही’ असं लिहिण्याची सक्ती नव्हती. ‘कृत्रिम रंगाचं पेय’ किंवा ‘सुगंधी द्रव्य वापरलं आहे’ एवढं छापलं तरी चालणार होतं.

शुफुरेन, म्हणजे जपानी गृहिणींचा महासंघ, आणि त्याच्या अध्यक्ष ओकु मुमेओ यांनी याला हरकत घेतली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. बाटलीवर संत्र्याचं चित्र, आत संत्र्याचा रंग, वास संत्र्याचा. कोपऱ्यात ‘सुगंधी द्रव्य’ असं बारीक अक्षरात वाचून आत संत्रं अजिबात नाही हे कुठल्या बाईला कळणार आहे?

सात वर्षांनी, १४ मार्च १९७८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने या वादाचा शेवटचा निकाल दिला. लेबल फसवं आहे की नाही, याबद्दल त्यात काहीच नव्हतं. न्यायालयाने एवढंच सांगितलं, की गृहिणींना ही हरकत घेण्याचाच अधिकार नाही.

जपानी प्रशासकीय कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत हा खटला आजही असतो, पण तिथे तो ‘दाद मागण्याचा हक्क कोणाला’ या प्रकरणात येतो. मला तो दुसऱ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. जपानी गृहिणीचं आयुष्य कसं घडलं, तिच्या हातात नेमकं काय होतं आणि काय नव्हतं, हे या एका बाटलीच्या भांडणात जितकं स्वच्छ दिसतं तितकं ‘किमोनो, चहा आणि नम्रता’ छापाच्या लेखांत कधीच दिसत नाही.

भातवाढी कोणाच्या हातात

शुफुरेनच्या मोर्च्यांची खूण म्हणजे भातवाढीच्या, म्हणजे भात वाढायच्या चपट्या पळीच्या, आकाराचे मोठाले फलक. त्यावर मागण्या लिहिलेल्या असत. आकार उगीच निवडला नव्हता. जपानच्या जुन्या शेतकरी घरांत भात वाढण्याचा अधिकार घरातल्या मुख्य बाईचा असे. कोणाच्या वाडग्यात किती पडणार ते ती ठरवी. सासू थकली की भातवाढी सुनेच्या हाती देई आणि त्या दिवसापासून घराचा कारभार सुनेचा. काही भागांत तर हा रीतसर विधीच होता. आपल्याकडे कमरेच्या किल्ल्या सुनेकडे जातात, तसंच.

शहरातल्या नोकरदाराच्या बायकोला मात्र ही भातवाढी सासूकडून मिळाली नाही. तिला ती शाळेतून मिळाली. १८९९ मध्ये सरकारने मुलींच्या माध्यमिक शाळांबद्दल आदेश काढला, आणि ‘चांगली बायको, शहाणी आई’ घडवणं हे त्या शिक्षणाचं उघड ध्येय होतं. शिवण, स्वयंपाक, आरोग्य आणि हिशेब. हिशेबावर विशेष भर. १९०४ मध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी गृहिणींसाठी घरखर्चाची छापील वही काढली. महिन्याच्या सुरुवातीला अंदाज मांडायचा, रोज खर्च लिहायचा आणि महिनाअखेरीला ताळा करायचा. अशा वह्या जपानमध्ये अजूनही दर वर्षी निघतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर या व्यवस्थेने पक्कं रूप घेतलं. नवरा पगाराचं पाकीट न फोडता बायकोच्या हातात द्यायचा आणि ती त्यातून त्याला हातखर्चाला पैसे द्यायची. पगार बँकेत जमा व्हायला लागल्यावर पाकिटाची जागा पासबुकाने घेतली, पण तेही तिच्याच कपाटात. १९५५ मध्ये जपान गृहनिर्माण महामंडळ स्थापन झालं आणि शहरांच्या कडेला सिमेंटच्या चाळवजा इमारतींच्या वसाहती उभ्या राहिल्या. दोन खोल्या आणि जेवणाच्या टेबलासकट स्वयंपाकघर, ही त्यातली गाजलेली रचना. पहाटेच्या गाडीने नवरा शहरात आणि दिवसभर त्या वसाहतीत बायका, मुलं, दुकानदार. टीव्ही, कपडे धुण्याचं यंत्र आणि फ्रीज या तीन वस्तू घरात आल्या की संसार मार्गी लागला असं समजत.

हे सगळं हौसेने निवडलेलं होतं असं मानणं भाबडेपणा ठरेल. लग्न झालं की नोकरी सोडायची, अशी अट कित्येक कंपन्या मुलींकडून लिहून घेत. एका सिमेंट कंपनीतल्या बाईने याविरुद्ध दावा लावला तेव्हा कुठे १९६६ मध्ये तोक्योच्या जिल्हा न्यायालयाने अशी अट रद्दबातल ठरवली. तरी रीत चालूच राहिली. कामावर असलेल्या जपानी स्त्रियांचं प्रमाण युद्धोत्तर काळात सर्वांत खाली गेलं ते १९७५ च्या सुमारास, म्हणजे आपल्या खटल्याच्या ऐन मध्यात. गृहिणी ही फार जुनी जपानी परंपरा आहे असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात पगारदाराची पूर्णवेळ गृहिणी संख्येने सगळ्यात ठळक झाली ती बुलेट ट्रेन धावू लागल्यानंतर.

ओकु मुमेओ

फिर्यादींपैकी एक असलेल्या ओकु मुमेओ स्वतः या साच्यातल्या नव्हत्या. १८९५ मध्ये फुकुई प्रांतात त्यांचा जन्म झाला. तोक्योच्या जपान महिला विद्यापीठात त्या गृहशास्त्र शिकल्या. नंतर आपलं शिक्षण लपवून सूतगिरणीत कामगार म्हणून राहिल्या, कारण गिरणीतल्या मुलींबद्दल बोलायचं तर त्यांच्यात राहून पाहिलं पाहिजे असं त्यांना वाटलं. पुढे हिरात्सुका राइचो आणि इचिकावा फुसाए या स्त्रीहक्कांच्या पुढाऱ्यांबरोबर त्या ‘नवी स्त्री संघटना’ या संस्थेत होत्या. बायकांना राजकीय सभेला जायलाही तेव्हा पोलीस कायद्याची बंदी होती. ती १९२२ मध्ये उठली. तोवर राइचो आणि फुसाए दोघीही बाजूला झाल्या होत्या आणि शेवटच्या टप्प्यातली खटपट ओकु आणि त्यांच्या सहकारी बायकांनी केली.

त्यानंतर मात्र त्या मताधिकाराच्या चळवळीत फार रमल्या नाहीत. ग्राहक सहकारी संस्था, गरीब वस्तीत पाळणाघर, कामकरी बायकांसाठी जागा, असं त्यांचं काम वळलं. युद्धकाळात त्यांनी सरकारच्या काटकसर मोहिमांना साथ दिली, हेही लिहायला हवं. घर काटकसरीने चालवायला शिकवणारी चळवळ युद्धखोर सरकारलाही सोयीची असते. त्या पिढीतल्या बहुतेक स्त्री पुढाऱ्यांच्या चरित्रात हा डाग आहे. त्यांच्यावर लिहिणारे अनेकदा या वर्षांवरून भरभर पुढे सरकतात.

१९४७ मध्ये त्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात निवडून आल्या आणि १९६५ पर्यंत तिथे होत्या. नियमावलीला हरकत घेतली तेव्हा वय ७५. निकाल लागला तेव्हा ८२.

न पेटणाऱ्या काड्या

शुफुरेनचा जन्म आगपेटीतून झाला. युद्धानंतर आगकाड्याही रेशनवर मिळत आणि त्या पेटत नसत. सप्टेंबर १९४८ मध्ये तोक्योतल्या बायकांनी न पेटणाऱ्या काड्या गोळा करून आणल्या, अधिकारी आणि कारखानदार यांना समोर बसवलं आणि चांगल्या पेट्या बदलून मागितल्या. त्याच महिन्यात महासंघ स्थापन झाला.

मराठी वाचकाला इथे मुंबईतले लाटणं मोर्चे आठवणारच. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हजारो बायका महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या, आणि हत्यार म्हणून स्वयंपाकघरातलीच वस्तू उचलली. शुफुरेनने मोर्च्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट केली. तिने स्वतःची तपासणी खोली काढली. बाजारातून वस्तू आणायच्या, तपासायच्या आणि निकाल जाहीर करायचा. मुळ्याच्या पिवळ्या लोणच्यात ऑरामीन नावाचा विषारी रंग सापडला. त्या रंगावर १९५३ मध्ये बंदी आली. १९५६ मध्ये तोक्योच्या योत्सुया भागात गृहिणींची स्वतःची इमारत उभी राहिली.

हे सगळं कोण करत होतं? ज्यांचा दिवस कचेरीच्या वेळात मोकळा होता, घरखर्चाची वही ज्यांच्याकडे होती, ज्या रोज बाजारात जात होत्या त्या बायका. दूध पावडरमध्ये आर्सेनिक मिसळल्याचं १९५५ चं प्रकरण त्यांनी पाहिलं होतं. त्यात शंभराहून अधिक बाळं दगावली आणि हजारोंना बाधा झाली. त्यामुळे लेबल वाचणं हा त्यांना फावल्या वेळचा उद्योग वाटत नव्हता.

१९६० मध्ये आणखी एक भानगड झाली आणि ज्यूस खटल्याची पाळंमुळं तिच्यात आहेत. गोमांस म्हणून विकलेल्या एका डब्यात माशी सापडली. तपासणी झाली तेव्हा माशी राहिली बाजूला. आत व्हेलचं मांस निघालं. इतर डबे उघडले तर कुठे व्हेल, कुठे घोडा. अन्नाच्या स्वच्छतेचा कायदा इथे कामाचा नव्हता, कारण व्हेल खाऊन कोणी आजारी पडत नाही. फसवणूक होती, पण तिच्यासाठी धड कायदा नव्हता. बायकांनी आरडाओरडा केला आणि १९६२ मध्ये फसव्या भेटवस्तू आणि फसवी लेबलं रोखणारा कायदा झाला. त्याची अंमलबजावणी निष्पक्ष व्यापार आयोगाकडे गेली.

याच कायद्याखाली १९७१ ची ज्यूस नियमावली मंजूर झाली. ज्या गृहिणींच्या ओरडीतून कायदा जन्मला, त्यांनीच त्याच्या आधारे हरकत घेतली तर काय होतं, हा या प्रकरणाचा खरा प्रश्न.

हरकत

१९६० च्या दशकात मुलांच्या हातात पडणारी पेयं बहुतेक रंग, आम्ल, गोडी आणि वास यांची होती. पाण्यात कालवायच्या पावडरींचाही सुकाळ होता. १९६९ मध्ये सायक्लामेट या कृत्रिम गोडीवर बंदी आली, आणि उरलेला माल खपवायला सरकार मुदत वाढवून देतंय हे पाहून ग्राहक संघटना पेटल्या. १९७० मध्ये रंगीत टीव्हीच्या दुहेरी किमतींवरून (छापील एक, प्रत्यक्ष विक्रीची दुसरी) बहिष्कार झाला. त्यात शुफुरेनसह अनेक संघटना एकत्र होत्या आणि कंपन्यांना किमती उतरवाव्या लागल्या. बायकांचा आत्मविश्वास तेव्हा चढता होता. ज्यूसची हरकत त्या भरात आली.

कायद्याच्या दहाव्या कलमात लिहिलेलं होतं, की आयोगाच्या मंजुरीबद्दल तक्रार असणाऱ्याने आयोगाकडे हरकत नोंदवावी. तक्रार असणारा म्हणजे कोण, ते लिहिलेलं नव्हतं. शुफुरेनचं म्हणणं, लेबल ग्राहकासाठी असतं, तेव्हा ग्राहकाइतका संबंधित दुसरा कोण?

आयोगाने सुनावणी घेतली आणि मार्च १९७३ मध्ये निर्णय दिला. हरकत घेणाऱ्यांना तो अधिकार नाही, सबब हरकत फेटाळली.

मग त्याच महिन्यात त्याच आयोगाने एक अधिसूचना काढली. रस नसलेल्या पेयावर ‘रस नाही’ असं स्पष्ट छापा, आणि ५ टक्क्यांहून कमी असेल तर तसं किंवा नेमकी टक्केवारी छापा. म्हणजे गृहिणींनी जे मागितलं होतं ते जवळजवळ जसंच्या तसं मिळालं. फक्त त्यांच्या मागण्यावरून मिळालं असं कागदोपत्री कुठेच नाही.

इथे कोणीही व्यवहारी माणूस म्हणेल, मिळालं ना, मग सोडा. शुफुरेनने सोडलं नाही. ती तोक्योच्या उच्च न्यायालयात गेली, तिथे १९७४ मध्ये हरली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेली. हट्ट होता तो लेबलापुरता नव्हता. आपल्याला बोलण्याचा हक्क आहे की नाही, हे वदवून घ्यायचं होतं. माझ्या मते हा हट्ट योग्य होता. आज मेहरबानीने मिळालेली अधिसूचना उद्या मेहरबानीनेच मागे घेता येते.

निकालातलं तर्कशास्त्र

सर्वोच्च न्यायालयाच्या तिसऱ्या पीठाची भूमिका थोडक्यात अशी. हरकत तोच घेऊ शकतो ज्याचा हक्क, किंवा कायद्याने खास राखलेलं हित, त्या निर्णयामुळे बाधित झालं आहे किंवा हमखास होणार आहे. लेबलाचा कायदा सार्वजनिक हितासाठी आहे. ग्राहक त्या जनतेचाच एक भाग, त्यामुळे त्यालाही फायदा होतो, पण तो फायदा परावर्तित. कायद्याचा प्रकाश सार्वजनिक हितावर पडतो आणि तिथून उडून थोडा ग्राहकाच्या अंगावर येतो. अशा फायद्याच्या बळावर दाद मागता येत नाही.

न्यायालयाची अडचण अगदीच खोटी नव्हती. ज्यूस पिणारा प्रत्येक जण संबंधित ठरला तर कोण संबंधित नाही? प्रत्येक मंजुरीवर कोणीही उठून हरकत घेऊ लागला तर प्रशासन चालायचं कसं? अशी सरसकट दाद हवी असेल तर संसदेने तसं स्पष्ट लिहावं, असा न्यायालयाचा रोख होता. तरीही यातला विरोधाभास लपत नाही. नुकसान थोड्यांचं असेल तर दार उघडं, सगळ्यांचं असेल तर बंद. जपानी कायदेपंडितांनी या निकालावर पुष्कळ टीका केली आहे ती याच मुद्द्यावर.

नवऱ्याच्या कागदावरची बायको

आता हा निकाल गृहिणीच्या बाकीच्या कागदपत्रांशेजारी ठेवून पाहू.

१९६१ मध्ये आयकरात जोडीदार वजावट आली. बायकोची कमाई ठरावीक मर्यादेत असेल तर नवऱ्याच्या करपात्र उत्पन्नातून रक्कम वजा होते. घरकामाची दखल म्हणून तिचं कौतुक झालं, पण नोंद नवऱ्याच्या फाईलमध्ये. पुढे दर वर्षी डिसेंबर जवळ आला की अर्धवेळ काम करणाऱ्या बायका मर्यादा ओलांडू नये म्हणून कामाचे तास कमी करू लागल्या. ‘१०३ मान येनची भिंत’, म्हणजे १० लाख ३० हजार येनची, हा जपानमध्ये रोजच्या बोलण्यातला विषय झाला. एप्रिल १९८६ पासून निवृत्तिवेतनाच्या नव्या रचनेत पगारदाराची अवलंबून असलेली जोडीदार तिसऱ्या वर्गातली विमेदार ठरली. स्वतः हप्ता भरायचा नाही आणि मूळ पेन्शन मात्र स्वतःच्या नावाने. फायदा खराच, पण नवरा कोण यावर मिळणारा. घटस्फोट झाला, नवऱ्याने नोकरी सोडून दुकान टाकलं, की वर्ग बदलला.

कर, पेन्शन आणि न्यायालय, तिन्ही ठिकाणी जपानी गृहिणीला काही ना काही मिळालं, पण थेट तिला असं कमीच मिळालं. कोणावर तरी पडलेल्या प्रकाशातून तिच्याकडे आलं. १९७८ चा निकाल त्यामुळे मला सुटा वाटत नाही. न्यायमूर्तींनी ग्राहकाबद्दल जे लिहिलं, ते सरकार गृहिणीबद्दल आधीपासून गृहीत धरत आलं होतं.

आणि तरी घरखर्चाचे पैसे तिच्या हातात होते! परदेशी वार्ताहरांना हे कोडं वाटे. पगार हातात घेणारी बाई दुबळी कशी? ती दुबळी नव्हतीच. टीव्ही कंपन्यांना तिने नमवलं होतं. पण बाजारातली ताकद कागदावर उतरत नव्हती. १९७३ च्या नोव्हेंबरात तेलसंकटाच्या भीतीने ओसाकाजवळच्या सेन्री वसाहतीत टॉयलेट पेपरसाठी झुंबड उडाली, तेव्हा त्या बायकांच्या फोटोंनी वर्तमानपत्रं भरली. त्याच वर्षी आयोगाने गृहिणींना तुमचा संबंध नाही असं कळवलं होतं. त्या बातमीला एवढी जागा मिळण्यासारखी नव्हती.

नंतरची वाट

शुफुरेनची बाजू पूर्णपणे निर्दोष होती असंही नाही. गृहिणी म्हणजे सगळ्या ग्राहक, हे समीकरण १९४८ मध्ये खपून गेलं. एकट्या राहणाऱ्या कामगार स्त्रिया, दिवसभर शेतात राबणाऱ्या बायका, दुकान चालवणाऱ्या बायका यांचा आवाज त्यात मागेच राहिला. दुपारच्या बैठकीला जो येऊ शकतो त्याची संघटना होते. १९९० च्या दशकात दोघंही कमावणाऱ्या घरांची संख्या फक्त नवरा कमावणाऱ्या घरांच्या पुढे गेली आणि दुपारच्या बैठकांना येणारी माणसं आटत गेली. ओकु मुमेओ १९९७ मध्ये, वयाच्या १०१ व्या वर्षी वारल्या.

कायदा हलला, पण हळू. सदोष मालाच्या जबाबदारीचा कायदा १९९४ मध्ये झाला. २००४ मध्ये प्रशासकीय दाव्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि दाद मागण्याचा हक्क ठरवताना संबंधित कायद्याचा हेतू आणि बाधित हिताचं स्वरूप न्यायालयाने नीट तपासावं असं लिहिलं गेलं. ग्राहक करारांच्या कायद्यातल्या २००६ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त ग्राहक संघटनांना ग्राहकांच्या वतीने न्यायालयाकडे मनाई मागण्याचा अधिकार मिळाला. भारतात १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक संघटनांना तक्रार करण्याची मुभा वीस वर्षं आधीच दिली होती. त्या एका बाबतीत आपण पुढे होतो, अंमलबजावणीचं सोडा. सप्टेंबर २००९ मध्ये जपानमध्ये ग्राहक व्यवहार संस्था सुरू झाली आणि १९६२ चा लेबल कायदा व्यापार आयोगाकडून तिच्याकडे गेला.

जपानी दुकानात आज पेयाची बाटली उचलली तर रसाची टक्केवारी किंवा रस नसल्याची नोंद ठळक दिसते. कापलेल्या फळाचं रसरशीत चित्र फक्त १०० टक्के रस असेल तरच छापता येतं, आणि हे बंधन पेय उद्योगाच्या त्याच प्रकारच्या नियमावलीत आहे. २००६ नंतर संघटनांना जो दावा लावता येतो तो व्यापाऱ्याविरुद्ध. सरकारने दिलेल्या मंजुरीविरुद्ध सामान्य ग्राहकाने जायचं म्हटलं, तर समोरचा वकील १४ मार्च १९७८ चा निकाल अजूनही काढतो.